बखरीत न आलेला बंध

मराठी बखरी आणि पोवाडे वर्षानुवर्षे वर्गात शिकवताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येत आली आहे. या वाङ्मयात घाव पुष्कळ आहेत, पण घाव बांधणारे हात फार थोडे. सभासदाच्या बखरीत सिंहगडावर तानाजी मालुसऱ्याच्या डाव्या हातातली ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, आणि तो त्या हाताचीच ढाल करून वार झेलतो. लोकपरंपरेने या प्रसंगी त्याच्या हाताला शेलाही गुंडाळला. कापड हाताशी आले ते ढाल म्हणून. रक्त थांबवण्यासाठी आलेले कापड आमच्या वीरकथेत शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. जो पडला तो ‘कामास आला’, जो वाचला तो ‘जखमी झाला’. या दोन शब्दांच्या मधली जी काही मिनिटे, तिच्याविषयी बखरकार बोलत नाहीत.

प्रस्तुत लेख त्या मिनिटांविषयी आहे. हाताची वा पायाची मोठी रक्तवाहिनी तुटली असता, वैद्याच्या दारी पोचण्याआधी, जखमेच्या वर पट्टा आवळून रक्त थांबवण्याची जी एक साधी युक्ती आहे, तिला वैद्यकात टूर्निकेट म्हणतात. विषय वैद्यकाचा आहे, मग तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी का हाताळावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, कोणते ज्ञान समाजाच्या स्मरणात राहते, कोणते गळून जाते आणि कोणते चुकीच्या जागी जाऊन बसते, हा प्रश्न इतिहासाचा आणि भाषेचाही आहे.

आरंभ आमच्याच परिसरातून करू. आम्ही ज्या कर्जत तालुक्यात राहतो, त्याच्या पश्चिमेस श्रीगोंदे आहे आणि पूर्वेस जामखेड. श्रीगोंद्याशी शिंदे घराण्याचा जुना संबंध. जामखेडातले खर्डे म्हणजे १७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामाला ज्या रणात नमवले ते गाव. म्हणजे आमच्या दोन्ही बाजूंना अठराव्या शतकाच्या लढायांची आठवण आहे. यांपैकी शिंद्यांच्या इतिहासात आमच्या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे पात्र सापडते, आणि ते पात्र महादजी नव्हे.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. पळत्या सैन्यातून निघालेल्या महादजी शिंद्यांना एका अफगाण स्वाराने गाठले आणि पायावर शस्त्राचा जबर घाव घातला. तो पाय पुढे जन्मभर अधू राहिला. रक्तबंबाळ अवस्थेत पडलेल्या महादजींना उचलले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखालीचे पाणी वाहणाऱ्या बैलावर त्याने त्यांना घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले. महादजींनी हे ऋण विसरले नाही. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले, ‘राणेखानभाई’ म्हणून तो मराठी सैन्याचा मोठा सरदार झाला, आणि १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या पारिपत्याच्या मोहिमेत त्याचे नाव अग्रभागी आले. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी राहिली ती महादजींच्या हातून. तेव्हा त्या सत्तेच्या पायाशी एका पाणक्याची ती काही घटका उभी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

राणेखानाने त्या पायाला काय बांधले, कसे बांधले, हे मात्र ही कथा सांगत नाही. ती इमान सांगते, ऋणानुबंध सांगते. जखम आणि बैल यांच्या मध्ये काय घडले ते ती गाळते. गाळणे स्वाभाविक आहे. कथेला निष्ठा हवी असते, पट्टीचे तंत्र तिला नको असते. परंतु परिणाम असा झाला की, निष्ठा आमच्या स्मरणात राहिली आणि तंत्राला कथेत जागाच मिळाली नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे येते. त्याचे नाक कापण्यात आले आणि एक हातही तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याच्या परिसरात एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, तीच रीत लंडनमध्ये यशस्वी करून दाखवली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे प्रकरण आज आदराने सांगितले जाते.

सगळे जग कावसजीच्या नाकाकडे पाहते. आमचे लक्ष त्याच्या हाताकडे जाते. नाक कापल्याने मनुष्य सहसा मरत नाही, हात तोडल्याने मरू शकतो. मनगटाशी दोन धमन्या आहेत. त्या तुटल्यावर कोणी काही केले नाही तर जीव वाचणे दैवावर राहते. तुटलेली धमनी कधी कधी आपोआप आखडते आणि मागे ओढली जाते, त्यावर रक्ताची गुठळी बसते. कधी कोणी घट्ट दाबून धरते वा डागते. कावसजी वाचला तो यांपैकी कशाने, हे त्या वृत्तान्तात नाही. जो हात गेला त्याच्या रक्ताचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण नवे नाक हा चमत्कार होता आणि थांबलेले रक्त हा चमत्कार वाटत नव्हता.

आता प्रश्न असा की, आपल्या परंपरेत हे ज्ञान नव्हतेच काय? याचे उत्तर गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच रंजक आहे. सुश्रुतसंहितेत वाहते रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे जुळवणारे संधान, थंडाव्याने रक्त गोठवणारे स्कंदन, भस्माने सुकवणारे पाचन, आणि शेवटी डाग देऊन शिरा आखडवणारे दहन. या चारांत अवयव वरून आवळण्याचा उपाय नाही. मात्र आवळणे सुश्रुताला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. शिरावेध करताना, म्हणजे उपचार म्हणून शीर तोडून रक्त काढताना, शीर फुगून वर यावी म्हणून कापडाने बांधावे, असे तो सांगतो. आणि सर्पदंश झाला असता, दंशाच्या वर चार अंगुळांवर कापड, चामडे वा झाडाची मऊ साल घट्ट बांधावी, असेही तो सांगतो. या बंधाला त्याने ‘अरिष्टा’ असे नाव दिले आहे.

हा अरिष्टाबंध आमच्या समाजाने दोन हजार वर्षे जपला. आजही आमच्या भागात कोणाला साप चावला की पहिली धाव दोरीकडे जाते. सुतळी, चिंधी, बुटाची नाडी, जे हाती येईल ते पायाला आवळले जाते. आणि आजचे वैद्यक नेमके हेच करू नका असे सांगते. विष त्याने खात्रीने अडत नाही, आवळलेल्या भागातली ऊती मात्र मरते, आणि गाठ सोडताच साचलेले विष एकदम शरीरात पसरण्याचा धोका राहतो. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे, हाच आजचा मान्य मार्ग आहे.

म्हणजे विपर्यास पाहा. जिथे आवळू नये तिथे आम्ही आवळतो. आणि जिथे आवळल्यावाचून जीव जातो, त्या धो धो रक्त वाहणाऱ्या जखमेवर आम्ही हळद चेपतो, चिंधीवर चिंधी गुंडाळतो आणि गाडीची वाट पाहतो. बंध समाजाच्या स्मरणात राहिला, पण चुकीच्या पानावर.

रक्तस्रावासाठी आवळण्याची आधुनिक रीत युरोपातल्या रणभूमीवर घडली. १६७४ मध्ये बेझांसाँच्या वेढ्यात एत्येन मोरेल या फ्रेंच शल्यवैद्याने पट्ट्यात काठी घालून तिला पीळ देण्याची रीत वापरली. १७१८ मध्ये जाँ-लुई पेतीने काठीच्या जागी स्क्रू आणला. वळवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून टूर्निकेट हा शब्द आला. मराठीत त्याला बोलीत रुळलेला शब्द नाही, पण क्रिया आमच्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. ओझे बांधताना दोरात दांडके घालून पीळ दिला की दोर हाताच्या जोरापेक्षा कितीतरी अधिक आवळतो, हे त्याला ठाऊक असते. टूर्निकेट म्हणजे हाच पीळ. कपड्याची नुसती गाठ मारून धमनी क्वचितच बंद होते, पिळाने ती होते.

या साधनाचा इतिहास मात्र सरळ चढता नाही. १८६२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात शायलोच्या लढाईत जनरल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन गुडघ्यामागे गोळी लागून रक्तस्रावाने मरण पावला. त्याच्या खिशात टूर्निकेट होते असे सांगतात. आपल्या वैद्याला त्याने इतर जखमींची शुश्रूषा करायला पाठवले होते. साधन खिशात होते, पण ते वापरू शकणारा माणूस जवळ नव्हता.

पहिल्या महायुद्धात या साधनाची पुरती बदनामी झाली. पट्टा आवळलेले सैनिक खंदकांतून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला कित्येक तास लागत. तोवर आवळलेला अवयव मरून जाई आणि कापावा लागे. या युद्धाशी मराठी माणसाचा संबंध लहान नाही. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर तिथल्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून, खडबडीत वाटेने, नदीकाठापर्यंत नेण्यात आले. तिथून पुढे गर्दीने भरलेल्या बोटी. १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने या वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. पुणे डिव्हिजन त्याआधीच, एप्रिल १९१६ मध्ये, कूट येथे शरण गेली होती.

आम्हांस इथे एवढेच दाखवायचे आहे की, अवयव जात होते ते मुख्यतः विलंबामुळे. दोष गाडीचा, वाटेचा, व्यवस्थेचा होता, आणि तो पट्ट्याच्या माथी बसला. त्यानंतर कित्येक दशके प्रथमोपचाराच्या शिकवणीत टूर्निकेट हा ‘शेवटचा उपाय’ ठरला. पट्टा बांधलाच तर दर काही मिनिटांनी सैल करावा, असाही पाठ दिला जाई. तो पाठ घातक होता, कारण प्रत्येक वेळी सैल केल्यावर रक्त पुन्हा वाहते आणि थोडेथोडे करून जीव जातो.

हा समज उलटला तो एकविसाव्या शतकात, इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत. बगदादच्या एका अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास जॉन क्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. टूर्निकेट लावलेल्या २३२ जखमींपैकी १९४ जणांना ते रुग्णालयात पोचण्यापूर्वी लावले होते. त्यांतले ११ टक्के दगावले. रुग्णालयात पोचल्यावर ज्यांना लावले त्या ३८ जणांत मृत्यूचे प्रमाण २४ टक्के होते. रक्त फार जाऊन शरीर खचण्याआधी ज्यांना पट्टा लागला, त्यांपैकी ९० टक्के वाचले. खचल्यानंतर ज्यांना लागला, त्यांपैकी केवळ १० टक्के. आणि केवळ पट्ट्यामुळे एकाही जखमीचा अवयव गमवावा लागला नाही. शंभर वर्षांच्या भीतीला हे उत्तर होते.

नागरी जीवनात हा धडा १५ एप्रिल २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनी आणला. तिथे जखमींच्या हातापायांना जे पट्टे बांधले गेले, ते हाताशी आलेल्या वस्तूंतून केलेले होते, आणि त्यांतले बरेचसे पुरेसे घट्ट नव्हते, असे नंतरच्या पाहणीत दिसले. त्यातून २०१५ मध्ये अमेरिकेत सामान्य नागरिकांना रक्त थांबवायला शिकवण्याची मोहीम सुरू झाली. आपल्याकडे ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकलगाड्यांच्या स्फोटांत रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसे धावून आली. घरातल्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमी वाहून नेले. राणेखानाचीच ही परंपरा होय. माणुसकी कमी पडली नाही. तिच्या हाती तंत्र देण्याची मोहीम मात्र आपण त्यानंतर त्या प्रमाणात उभी केली नाही.

आता कर्जतकडे वळू. हा पर्जन्यछायेचा, ज्वारीचा मुलूख. पुढे भीमेच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस आला. घरोघरी जनावरे आहेत, म्हणून घरोघरी कडबाकुट्टी आहे. सुगीत मळणीयंत्र गावोगाव फिरते. हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. मळणीयंत्राच्या तोंडात हात जाण्याचे प्रकार देशभर इतके झाले की, संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. यंत्राच्या तोंडाची रचना सुरक्षित असावी आणि इजा झाल्यास भरपाई मिळावी, ही त्यातली मुख्य तरतूद. भरपाई नंतरची गोष्ट. हात यंत्रात गेला त्या क्षणी शेतात असतात ती घरची चार माणसे.

इथे एक साधे गणित मांडावेसे वाटते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीची मोठी धमनी तुटली तर जीव जायला काही मिनिटे पुरतात. उलट, आवळलेला हात वा पाय सुमारे दोन तास बहुधा सुरक्षित राहतो. आणि कर्जतहून जिल्ह्याचे ठिकाण, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले ते, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा तीत ९३७ गाड्या होत्या. सेवा मोलाची आहे. परंतु कोणतीही गाडी वाडीवस्तीवर काही मिनिटांत पोचू शकत नाही. रस्ता मिनिटांत संपत नाही, दोन तासांत संपू शकतो. मिनिटे आणि दोन तास यांच्या मधले हे अंतर पट्टा भरून काढतो. मोठ्या शहरातल्या माणसापेक्षा त्याची गरज आमच्या तालुक्याला अधिक आहे.

म्हणून ती रीत इथे स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे काम समजतो. आधी १०८ ला कळवण्यास कोणास तरी सांगावे आणि जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोराने दाबून धरावे. बहुतेक जखमा एवढ्याने थांबतात. हातापायातून रक्त उसळत असेल, दाबूनही थांबत नसेल किंवा अवयव तुटलाच असेल, तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, तीन-चार बोटांवर पट्टा बांधावा. कोपर वा गुडघ्याच्या सांध्यावर बांधू नये. तयार टूर्निकेट असल्यास उत्तम. नसल्यास दोन इंच रुंदीची मजबूत पट्टी, उपरण्याची वा ओढणीची घडी चालेल. तार, सुतळी वा नाडी नको, ती कातडीत रुतते आणि खोल धमनी मात्र मोकळी राहते. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा आणि काठी सुटणार नाही अशी बांधून टाकावी. अर्धवट आवळणे हे न आवळण्याहून वाईट. त्याने शिरा बंद होतात, धमनी चालू राहते आणि रक्त अधिक जाते. शीर फुगवण्यासाठी सुश्रुत जे बांधायला सांगतो, ते हेच. वेदना फार होतील, त्यांना भिऊन सोडू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. पुढे सैल करण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मान, छाती, पोट यांना ही रीत लागू नाही, आणि सर्पदंशाला तर नाहीच.

वाचकांच्या लक्षात आले असेल की, तीन-चार बोटे हे अंतर सुश्रुताच्या चार अंगुळांशी जवळजवळ जुळते. माप तेच, जखम वेगळी. ते माप या जखमेवर आणून ठेवणे एवढेच बाकी आहे.

परके रक्त हाताला लागले की पोलीस आणि कोर्ट मागे लागेल, ही भीतीही आमच्या समाजात खोल आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-अ येऊन, रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचेच कवच मिळाले. कायदा राणेखानाच्या बाजूने आहे. त्याची माहिती चावडीपर्यंत पोचवणे हे शिक्षकांच्या आवाक्यातले काम आहे.

आमच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी भरतात. रस्ते झाडले जातात, पथनाट्ये होतात. त्यात एक तास दांडके, रुंद पट्टी आणि पीळ यांना मिळाला, तर सुगीत शेतावर परतणारा प्रत्येक विद्यार्थी आपल्या वस्तीवरचा जाणता माणूस होईल. मराठीच्या अध्यापकांनीही आपला वाटा उचलावा. पानिपत शिकवताना महादजींच्या पायाशी थोडे थांबावे आणि विचारावे की, या पखालवाल्याने रक्त कसे थांबवले असेल? इतिहासात या प्रश्नाचे उत्तर नोंदलेले नाही. पण ज्या वर्गात तो विचारला जाईल, त्या वर्गातल्या एखाद्याला उद्या कडबाकुट्टीपाशी ते उत्तर हाताने द्यावे लागेल, आणि तेव्हा ते त्याला येत असावे.